गाठ मारणारे हात

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट धाराशिवच्या लॅबमधला असो की सोलापूरच्या, त्याची मांडणी सारखीच असते. वर जिवाणूचं नाव, बहुतेक वेळा ई. कोलाय. खाली पंधरा-वीस औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर: एस, आय किंवा आर. एस म्हणजे जिवाणू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दबत नाही, आय म्हणजे मधलं काहीतरी. हल्ली या यादीत आर फार दिसतो. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे आर, अँपिसिलिनपुढे आर, सेफ्ट्रियाक्सोनपुढेही आर. मग घरचे लोक हमखास म्हणतात, "साहेब, जरा पॉवरचं द्या काहीतरी." जोडीला एक समजूतही असते, की इतकी वर्षं गोळ्या खाऊन आईच्या अंगाला औषधाची सवय झाली आहे.

आईच्या अंगाचा यात काही संबंध नाही. बदललेला असतो तो जिवाणू, आणि त्याच्यातही बदललेला असतो एखाद्या प्रथिनाचा इवलासा कोपरा. पॉवरचंही तसंच. अँटिबायोटिकचा रेणू जिवाणूच्या एका नेमक्या भागावर जाऊन बसतो. बसला तर काम होतं. बसताच आलं नाही, तर मात्रा दुप्पट करूनही फारसं हाती लागत नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिनचंच पाहा. जिवाणू दुभंगताना त्याच्या डीएनएला पीळ पडतात. ते काढण्याचं काम गायरेज नावाचं एन्झाइम करतं. ते डीएनए कापतं, पीळ सोडतं आणि टोकं पुन्हा जोडतं. सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं कापलेल्या अवस्थेत मध्ये शिरतं आणि जोडणी होऊ देत नाही. तिथे टिकून राहण्यासाठी ते मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याच्याभोवतीचे पाण्याचे रेणू यांच्यामार्फत गायरेजच्या ८३ व्या अमिनो आम्लावर, म्हणजे सेरीनवर, टेकलेलं असतं. जनुकात एक अक्षर बदललं की सेरीनच्या जागी ल्युसीन येतं आणि तो टेकू नाहीसा होतो. असे एक-दोन बदल साठले की रिपोर्टवर आर उमटतो.

एक अक्षर बदलणं अवघड नाही. ई. कोलायच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरं असतात आणि ती उतरवून घेताना साधारण हजार विभाजनांत एखादी चूक राहून जाते. ही चूक कुठे होईल हे कोणी ठरवत नाही. पण जोराच्या संसर्गात जिवाणूंची संख्या अब्जांत जाते आणि अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. एवढ्या गर्दीत ती नेमकी चूक झालेला एखादा जिवाणू सापडणारच. गोळी बाकीच्यांना मारते आणि याला मोकळं रान मिळतं. गोळीने बदल घडवलेला नसतो, तिने फक्त निवड केलेली असते.

एका जागी बसणाऱ्या औषधाला चुकवायला एक बदल पुरतो. दोन वेगळ्या जागी एकदम बसणाऱ्या औषधाला चुकवायचं तर दोन बदल एकाच जिवाणूत, एकाच वेळी हवेत. कोटीत एक आणि कोटीत एक यांचा गुणाकार केला की आकडा कुठल्या कुठे जातो. अलीकडच्या नव्या औषधांमागचा विचार बव्हंशी या गुणाकारात आहे. त्यातली दोन औषधं मराठवाड्यात शोधली गेली, ही गोष्ट मराठवाड्यातच फारशी कोणाला माहीत नाही. पण तिथे जायचं तर आधी जिवाणूची भिंत पाहावी लागेल.

जिवाणूच्या आत दाब प्रचंड असतो. बाहेरून आवरून धरणारी भिंत नसेल तर तो फुगून फुटेल. ही भिंत पेप्टिडोग्लायकनची असते आणि तिची रचना सुतळीने विणलेल्या बाजेसारखी असते. साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या म्हणजे एका दिशेच्या सुतळ्या, आणि अमिनो आम्लांचे छोटे दुवे म्हणजे त्यांना आडवं बांधणाऱ्या गाठी. गाठी नसतील तर बाजेवर कोणी बसू शकणार नाही. जिवाणू वाढत असताना ही वीण सतत उसवावी आणि पुन्हा बांधावी लागते. बांधण्याचं काम करणाऱ्या प्रथिनांना पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन्स म्हणतात, थोडक्यात पीबीपी. म्हणजे जिवाणूच्या या प्रथिनांना नाव मिळालं ते त्यांना ठप्प करणाऱ्या औषधावरून! मी त्यांना गाठ मारणारे हात म्हणणार आहे.

प्रत्येक दुव्याच्या टोकाला डी-अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल दोनदा लागोपाठ येतं. हात ही जोडी ओळखतो, शेवटचं अ‍ॅलनिन काढून टाकतो आणि मोकळं झालेलं टोक शेजारच्या साखळीला बांधतो. डोनाल्ड टिपर आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं, की पेनिसिलिनचा आकार या दोन अ‍ॅलनिनच्या जोडीशी जुळतो. हात फसतो आणि पेनिसिलिनला पकडतो. पेनिसिलिनच्या मधोमध चार अणूंचं एक चौकोनी कडं आहे, बीटा-लॅक्टम. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंना जवळजवळ काटकोनात वळून राहणं मानवत नाही, त्यामुळे हे कडं कायम ताणलेलं असतं. हाताच्या मध्यभागी असलेलं सेरीन त्याला भिडलं की कडं तुटून उघडतं आणि सेरीनलाच चिकटून बसतं. खरं दुव्याचं टोक असतं तर हात पुढच्या क्षणी मोकळा झाला असता. इथे तो अडकतो तो अडकतोच. इकडे उसवणं चालू, तिकडे बांधणं बंद. जिवाणू स्वतःच्याच दाबाने फुटतो.

माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन आपल्याला एवढं सुरक्षित. काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते, ती बाब वेगळी.

जिवाणूंकडे यावर उतारा होता, आणि तो आपल्या औषधांच्या आधीपासून होता. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांना १९४० मध्येच पेनिसिलिन मोडून टाकणारं एन्झाइम सापडलं. तिथल्या पहिल्या रुग्णाला ते औषध टोचलं गेलं १९४१ मध्ये. कॅनडातल्या युकॉन प्रदेशात ३० हजार वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही अशा एन्झाइमची जनुकं मिळाली आहेत. मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध ही रसायनं फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. आपण त्या भांडणात मागाहून शिरलो.

हे एन्झाइम म्हणजे बीटा-लॅक्टमेज. त्याच्याही मध्यभागी सेरीन असतं आणि तेही चौकोनी कडं फोडतं. फरक एवढाच, की त्याच्याजवळ पाण्याचा एक रेणू अशा जागी उभा असतो, की अडकलेलं औषध तो लगेच सोडवतो. एन्झाइम मोकळं, औषध निकामी, पुढचा रेणू हजर. चांगलं बीटा-लॅक्टमेज सेकंदाला शेकडो रेणू असे निकालात काढतं. इथे मात्रा वाढवून काय होणार? मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या गोळीतला दुसरा घटक याच एन्झाइमला आमिष म्हणून घातलेला असतो. तो एन्झाइममध्ये अडकतो आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी होते. मग जिवाणूंमध्ये आमिषाला न जुमानणारी एन्झाइम्स पसरली. सेफ्ट्रियाक्सोनसारखी इंजेक्शनं फोडणारी आली. त्यांच्यापुढेही टिकणारा गट म्हणजे कार्बापेनेम, ज्यातलं मेरोपेनेम आज आयसीयूच्या दारात बसलेल्या नातेवाइकांनाही माहीत असतं.

बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय भूम-परंड्याच्या लोकांना जवळचं. तिथे काय किंवा कुठेही काय, केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. अशा वेळी आतड्यातला जिवाणू रक्तात उतरला तर शरीर स्वतः फारसं लढू शकत नाही, सगळा भार औषधावर पडतो. मेरोपेनेमपुढे आर असणं म्हणजे काय, ते अशा रुग्णाच्या बाबतीत कळतं.

मार्च २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांच्या एका नियतकालिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून एक छोटा लेख आला. कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जिवाणू त्यांनी तपासले होते. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ नावाचं एन्झाइम होतं. हे एन्झाइम त्याआधी भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश नागरिकाच्या शरीरात सापडलं होतं, आणि नवी दिल्लीवरून त्याला नाव दिलं गेलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात मोठा लेख आला आणि नावावरून दिल्लीत गदारोळ उठला. वैद्यकीय पर्यटनाला बट्टा लागेल ही भीती. नावावर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या निम्मीही त्या २२ जिवाणूंवर झाली नाही, असं माझं मत आहे.

एनडीएमची करामत अशी, की त्यात सेरीन नाहीच. त्याच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू बसलेले असतात. ते दोन्ही मिळून पाण्याच्या रेणूमधून एक हायड्रोजन वेगळा करतात. उरलेला तुकडा फार आक्रमक असतो आणि तो थेट चौकोनी कड्यावर जातो. औषध एन्झाइमला चिकटण्याची पायरीच नाही. त्यामुळे सेरीनला अडकवणारी सगळी जुनी आमिषं इथे फुकट जातात. शिवाय हे जनुक बहुतेक वेळा प्लास्मिडवर असतं. प्लास्मिड म्हणजे मूळ गुणसूत्रापासून वेगळं असलेलं डीएनएचं वर्तुळ. एक जिवाणू ते दुसऱ्याला देऊ शकतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. त्याच वर्तुळावर इतर औषधांविरुद्धची जनुकंही असतात, म्हणून रिपोर्टवर आर एकट्याने येत नाही, रांगेने येतो.

डॉक्टरांनी मग कोलिस्टिन हे १९५०च्या दशकातलं, मूत्रपिंडाला त्रास देणारं औषध पुन्हा बाहेर काढलं. ते जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यातल्या ऋणभारित स्निग्ध रेणूंना चिकटतं आणि पडदा फाडतं. जिवाणूने तो भार थोडा झाकला की कोलिस्टिनची पकड सुटते. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. ते आधीच व्हायला हवं होतं.

आता मराठवाडा. सोलापूर-धुळे महामार्गाने तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई असं वर गेलं की छत्रपती संभाजीनगर येतं. तिथल्या चिकलठाणा एमआयडीसीत वोक्हार्ट कंपनीचं संशोधन केंद्र आहे. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी अँटिबायोटिक्सचं संशोधन बंद केलं त्या काळात हे केंद्र त्याच विषयाला धरून बसलं. मोठ्यांनी ते का सोडलं हे समजण्यासारखं आहे. मधुमेहाची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर, आणि नवं चांगलं अँटिबायोटिक डॉक्टर जपून वापरतात. धंदा कसा व्हायचा?

या केंद्रात झिडेबॅक्टम नावाचा रेणू तयार झाला. त्याचं नातं सेरीनला अडकवणाऱ्या नव्या आमिषांशी आहे, पण त्याच्यात बीटा-लॅक्टमचं चौकोनी कडं नाही. त्यामुळे एनडीएमच्या जस्ताला फोडायला काही सापडत नाही. आमिषाचं काम तो काही एन्झाइम्सवर करतोच. त्याची खरी कामगिरी वेगळी आहे. तो स्वतः गाठ मारणाऱ्या एका हाताला, पीबीपी-२ ला, जाऊन चिकटतो. जोडीला दिलेलं जुनं औषध सेफेपिम चिकटतं ते मुख्यतः पीबीपी-३ ला.

हे दोन हात वेगवेगळी कामं करतात. ई. कोलायचा आकार लांबट दंडगोल असतो. लांबी वाढवताना बाजूची भिंत विणण्याची जबाबदारी पीबीपी-२ ची. तो बंद पडला तर जिवाणू लांब होण्याऐवजी गोल गरगरीत होतो. दुभंगताना मधली आडभिंत विणतो पीबीपी-३. तो बंद पडला तर जिवाणूची लांबच लांब दोरी होते, ती तुटतच नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ही दोन्ही रूपं पाहण्यासारखी असतात. गोल झालेला जिवाणू काही वेळ तग धरू शकतो, लांबलेलाही धरतो. पण दोन्ही हात एकदम अडले की भिंतीला फुगवटे येतात आणि जिवाणू फुटतो. दोन्ही पूर्ण बंद व्हावे लागतात असंही नाही, अर्धवट अडले तरी भागतं. एनडीएम सेफेपिमचा बराच भाग फोडून टाकत असलं तरी झिडेबॅक्टमने एक हात धरून ठेवलेला असतो, त्यामुळे वाचलेल्या थोड्या सेफेपिमलाही उरलेलं काम उरकता येतं. गुंतागुंतीचा मूत्रमार्ग संसर्ग झालेल्या पाचशेहून अधिक रुग्णांवर या जोडीची चाचणी झाली. तुलनेला होतं मेरोपेनेम.

जिवाणू स्वस्थ बसलेले नाहीत. भारतातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते: त्यांच्या पीबीपी-३ मध्ये चार अमिनो आम्लं जादा घुसलेली असतात. औषध जिथून आत शिरतं त्या तोंडाशीच ती येतात आणि वाट अरुंद होते. युरोप-अमेरिकेत एनडीएमवर वापरात आलेली अ‍ॅझट्रिओनाम-अविबॅक्टम ही जोडी सगळी मदार पीबीपी-३ वर ठेवते, म्हणून या जिवाणूंवर ती कमी पडते. झिडेबॅक्टमला पीबीपी-३ शी कर्तव्य नसल्याने त्याचं काम तुलनेने अबाधित राहतं. म्हणजे परदेशात शोधलेलं उत्तम औषध इथल्या जिवाणूवर तेवढंच उत्तम ठरेल असं धरून चालता येत नाही. इथले जिवाणू समोर ठेवून औषध शोधण्याला अर्थ आहे तो एवढ्यासाठी.

त्याच केंद्रातलं दुसरं औषध नॅफिथ्रोमायसिन. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचं त्याला साहाय्य होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते जाहीर झालं. न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, तीन दिवस. ते अझिथ्रोमायसिनच्या कुळातलं. कोविडच्या काळात अझिथ्रोमायसिनचं पाकीट आपल्याकडे घराघरांत जाऊन पोचलं होतं, विषाणूवर त्याचा उपयोग नसताना. हे कूळ जिवाणूच्या रायबोसोमवर बसतं. प्रथिन तिथे तयार होतं आणि एका बोगद्यातून बाहेर पडतं. औषध त्या बोगद्याच्या तोंडाशी, आरएनएच्या २०५८ क्रमांकाच्या अक्षराला धरून, अडथळा करतं. जिवाणूचा उतारा: त्या अक्षराला मिथाइल जोडणं. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स. एवढ्याने औषधाला जागा उरत नाही. नॅफिथ्रोमायसिनच्या रेणूला एक जादा बाहू दिला आहे, तो त्याच बोगद्यात थोड्या अंतरावर दुसऱ्या जागी टेकतो. पहिली पकड सैल झाली तरी न्यूमोनियाच्या जिवाणूत दुसरी धरून ठेवते. पुन्हा तेच गणित, फक्त या वेळी एकाच रेणूत.

हे गणित सगळ्यात आधी क्षयरोगाने शिकवलं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने बरे वाटू लागलेले रुग्ण काही महिन्यांत पुन्हा ढासळू लागले, हे १९४०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये दिसलं. दुसरं औषध जोडल्यावर प्रतिकार थोपला. आजही जिल्हा रुग्णालयात टीबीच्या रुग्णाला एकदम चार औषधं सुरू करतात ती याच कारणाने. थुंकीची जीनएक्सपर्ट तपासणी दोनेक तासांत सांगते, की जिवाणूच्या आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमचं, म्हणजे या चारांपैकी रिफाम्पिसिन जिथे बसतं त्या जागेचं, जनुक बदललं आहे का. त्या जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका पट्ट्यात बहुतेक सगळे बदल होतात, म्हणून तेवढाच पट्टा वाचला तरी पुरतं.

हा पट्टा बदललेला असला तर पूर्वी महिनोन् महिने इंजेक्शनं द्यावी लागत. ती औषधंही रायबोसोमवर बसणारी. आणि आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाचे रायबोसोम जिवाणूच्या रायबोसोमसारखेच असतात, म्हणून ती तिथेही जाऊन बसतात. कानातल्या ध्वनी टिपणाऱ्या पेशींना याचा सर्वांत जास्त फटका बसतो आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींची ऐकण्याची शक्ती टीबीच्या औषधांनी गेली. बेडाक्विलिन या नव्या गोळीच्या पेटंटची मुदत लांबवण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज होता. त्याला या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि इथल्या कंपन्यांना ही गोळी बनवण्याची वाट मोकळी झाली.

बेडाक्विलिन टीबीच्या जिवाणूत ऊर्जा तयार करणाऱ्या एन्झाइमच्या फिरत्या चकतीवर बसतं आणि चकती थांबवतं. त्यालाही उतारा निघाला आहे: एक जनुक बिघडलं की औषध बाहेर फेकणारा पंप जास्त संख्येने तयार होतो. त्याच पंपातून कुष्ठरोगावर वापरलं जाणारं क्लोफॅझिमिनही बाहेर पडतं, म्हणजे एका बदलात दोन औषधं लंगडी. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मान्य केलेल्या सहा महिन्यांच्या उपचारात म्हणूनच बेडाक्विलिन एकटं नाही. जोडीला रायबोसोमवर बसणारं लिनेझोलिड, गायरेजवर बसणारं मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि टीबीच्या जिवाणूच्या भिंतीतलं मायकोलिक आम्ल तयार होऊ न देणारं प्रिटोमॅनिड. चार गोळ्या, चार जागा, आणि इंजेक्शन एकही नाही.